शिंकं, डवरा आणि आप्पांची कॉफी

हा लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि पाणी, चहा, दूध, ताक, सरबत प्यायला तुमच्या घरी किती प्रकारची भांडी आहेत ते मोजा. एकाच सेटमधले सहा पेले असतील तर ते एकच धरा. आमच्याकडे सतरा प्रकार निघाले. फुलपात्र, उभा पेला, काचेचा ग्लास, कानाचा मग, कानाशिवायचा मग, कप, स्टीलची बाटली, थर्मास, आईच्या जिमची शेकर बाटली (जिम तीन महिन्यांपूर्वी सुटलं, बाटली राहिली) आणि कुठल्या कुठल्या लग्नांत आहेर म्हणून मिळालेलं बाकीचं सगळं.

आता असा एकच होल्डर डोळ्यांसमोर आणा ज्यात या सतराच्या सतरा वस्तू नीट उभ्या राहतील, हलणार नाहीत आणि हव्या तेव्हा सहज उचलता येतील. सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. मी त्यात अडीच महिने घातले आणि उत्तराची सुरुवात मला घरापासून हजारभर किलोमीटर लांब, तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये सापडली.

आप्पा म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. वय 81. गेली चार वर्षं त्यांचे हात थरथरतात. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव 'इसेन्शियल ट्रेमर'. हा पार्किन्सन नव्हे. पार्किन्सनमध्ये बहुतेक वेळा हात स्वस्थ असताना कंप जास्त दिसतो. आप्पांचं उलटं आहे. हात मांडीवर असला की शांत असतो. पेला उचलून तोंडाकडे न्यायला लागले की थरथर सुरू होते आणि पेला ओठांजवळ येईल तशी वाढत जाते. नेमकी जिथे स्थिर हाताची गरज, तिथेच.

यातली वाईट गोष्ट सांडणं नव्हतीच. आप्पांनी चारचौघांत काही पिणंच बंद केलं होतं, ते वाईट होतं. लग्नात, देवळात, कुणाच्या घरी, सगळीकडे एकच उत्तर, "मला नको, आत्ताच झालंय." ते खोटं आहे हे आईला कळायचं, मला कळायचं, आणि आम्हाला कळतंय हे त्यांनाही कळायचं. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते. त्यात माणूस मुद्दाम कमी प्यायला लागला की चक्कर, थकवा, लघवीचे त्रास हे सगळं मागून येतं. आमच्याकडे आलंही.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी गोविंदपुरमच्या विठ्ठलाचं नाव काढलं. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं मोठं देऊळ आहे. 'तिकडे विठ्ठल कसा?' असं मनात आलं असेल तर इतिहासाचं पुस्तक आठवा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरला राज्य स्थापन केलं आणि 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं होतं. तंजावर-कुंभकोणम भागात आजही घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. आप्पांना गर्दीतली पंढरीची वारी आता झेपत नाही, म्हणून हा विठ्ठल. आई, आप्पा आणि मी, असे तिघं निघालो.

तिरुचिरापल्लीला उतरून भाड्याची गाडी केली. तिथून तंजावरमार्गे कुंभकोणम सुमारे 90 किलोमीटर. ड्रायव्हर भला माणूस होता. तमिळमध्ये 'अप्पा' म्हणजे वडील, त्यामुळे मी 'आप्पा, आप्पा' करतेय हे ऐकून तो बराच वेळ गोंधळला होता. वाटेत त्यानेच कागदी कपांतून चहा आणून दिला. आप्पांनी नको म्हटलं, मग आईच्या डोळ्यांकडे पाहून घेतला आणि दोन सीटच्या मधल्या कपहोल्डरमध्ये ठेवला. खड्डा आला. कागदी कप त्या रुंद खळग्यात सैल उभा होता, तो आडवा झाला. त्यांच्या धोतरावर चहा. मग आम्ही त्यांचा पाण्याचा थर्मास तिथे ठेवायला गेलो, तर तो बसेचना.

कुणी काही बोललं नाही. उरलेला प्रवास आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले.

दोष त्या गाडीचा नव्हता. गाडीतला कपहोल्डर कुठल्या तरी एका मापासाठी बनतो, आणि बहुतेक वेळा ते माप शीतपेयाच्या कॅनच्या आसपास असतं. नेहमीच्या कॅनचा व्यास 66 मिलिमीटर असतो. 1950 च्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांत समोरच्या कप्प्याच्या झाकणावर नुसते उथळ गोल खळगे असायचे. गाडी थांबवून, झाकण उघडून त्यावर कप ठेवायचा. चालत्या गाडीत ते निरुपयोगी. 1983 मध्ये क्रायस्लर कंपनीची मिनीव्हॅन बाजारात आली, तिच्यात कपहोल्डर गाडीचा भाग म्हणूनच बसवलेले होते, आणि तिथून हे प्रकरण वाढलं. पुढे गंमत झाली. होल्डर कपासाठी करायचा, की कप होल्डरसाठी? अमेरिकेत गाजलेला स्टॅनलीचा 40 औंसांचा, म्हणजे जवळजवळ 1.2 लिटरचा मोठा मग बघा. वर धष्टपुष्ट आणि खाली अचानक बारीक. खालचा भाग गाडीच्या होल्डरमध्ये जावा म्हणून तो तसा आहे. होल्डर बदलला नाही, भांड्याने कंबर बारीक केली!

आमच्या आप्पांचा थर्मास तेवढा समजूतदार नव्हता.

कुणीच वळून बघितलं नाही

कुंभकोणमला पोहोचलो त्या संध्याकाळी आईने हट्टाने एका साध्या हॉटेलात नेलं. 'कुंभकोणम डिग्री कॉफी' ही पाटी तुम्ही तमिळनाडूच्या हायवेवर गेला असाल तर जागोजागी बघितली असेल. 'डिग्री' का, याची एक गोष्ट अशी सांगतात की दूध भेसळीचं नाही हे लॅक्टोमीटरने तपासलेलं असायचं, त्या मापावरून डिग्री. वरच्या चाळणीच्या भांड्यात कॉफीची पूड, त्यावर उकळतं पाणी, खालच्या भांड्यात थेंब थेंब उतरणारा काळा अर्क. त्यात ताजं तापवलेलं दूध आणि साखर. बहुतेक ठिकाणी पुडीत थोडी चिकोरी असते. आणि हे सगळं येतं पितळेच्या डवरा-टंबलरमध्ये.

टंबलर म्हणजे वरच्या काठाला बाहेर वळवलेली ओठासारखी कड असलेला उभा पेला. डवरा म्हणजे त्याच्याखालचं बसकं, रुंद तोंडाचं वाडगं. त्यालाही तशीच कड. पितळेतून उष्णता पटकन जाते, त्यामुळे कॉफी भरलेला पेला मधोमध धरला तर बोटं भाजतात. कड मात्र कॉफीपासून थोडी लांब असते, तिथे दोन बोटांत धरता येतं. कॉफी टंबलरमधून डवऱ्यात आणि डवऱ्यातून टंबलरमध्ये ओतायची, की साखर विरघळते, फेस येतो आणि ती पिण्याजोगी निवते.

तीन कॉफ्या आल्या. आप्पांनी हात मागे घेतला. आई काही बोलली नाही, तिने फक्त त्यांचा डवरा त्यांच्याजवळ सरकवला. पाच मिनिटं गेली. मग त्यांनी टंबलर उचलला. हात थरथरला, कॉफी हिंदकळली आणि सांडली.

डवऱ्यात.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. समोरच्या टेबलावरचे एक गृहस्थ कॉफी डवऱ्यात ओतत होते. शेजारचा कॉलेजचा मुलगा डवऱ्यातून परत टंबलरमध्ये ओतत होता आणि फोनकडे बघत असल्याने थोडी टेबलावर पाडत होता. त्या हॉटेलात प्रत्येक माणूस कॉफी 'सांडत' होता. आप्पांनी डवऱ्यातली कॉफी पेल्यात ओतली, पुन्हा उचलली, पुन्हा थोडी सांडली, पुन्हा ओतली. आणि अख्खी कॉफी संपवली. कुणीच वळून बघितलं नाही.

रात्री झोपताना मी फोनवर 'ॲडजस्टेबल कप होल्डर' शोधायला सुरुवात केली.

जे सापडलं ते थोडक्यात सांगते, कारण तुम्हीही शोधाल. बाजारात मिळणाऱ्या, माप बदलणाऱ्या होल्डरचे मुख्य तीन प्रकार दिसतात. एकात आत स्प्रिंगचे किंवा रबराचे पंजे असतात, ते भांड्याला बाजूंनी दाबतात. दुसऱ्यात खालचा भाग फिरवला की पाय पसरतात आणि तो गाडीच्या खळग्यात घट्ट बसतो, वरचं तोंड मोठं मिळतं. तिसऱ्यात वेगवेगळ्या जाडीच्या रबरी कड्या आत घालायच्या किंवा काढायच्या. तिन्ही भांडं घट्ट धरतात. पण भांडं परत देतात कसं? घट्ट बसलेला पेला उपसायला हिसका द्यावा लागतो, आणि थरथरणाऱ्या हाताने हिसका दिला की काय होतं ते मी लिहायला नको. माझी इंजिनियर मैत्रीण म्हणते तसं, सगळे डिझायनर कपाचा विचार करतात, हाताचा कुणी करत नाही. (मी बीए इंग्लिश. तिच्या मते मी कपाचाही विचार करायला पात्र नाही.)

होल्डरचं देऊळ

दुसऱ्या दिवशी देवळं. कुंभकोणम हे नावच कुंभावरून आलंय, म्हणजे एका भांड्यावरून. इथली स्थळकथा अशी: प्रलयाच्या वेळी ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीची बीजं एका कुंभात घालून तो मेरू पर्वतावर ठेवला. पुराच्या पाण्यात तो कुंभ वाहत वाहत या जागी येऊन थांबला. किराताच्या रूपातल्या शंकराने बाण मारून तो फोडला आणि अमृत सांडलं. त्या कुंभाच्या जागी आदि कुंभेश्वराचं देऊळ आहे. कुंभाबरोबरच्या एकेका वस्तूचंही गावात आणि आसपास एकेक ठिकाण आहे. नारळ इथे पडला, बेलपान तिथे पडलं, असं.

सारंगपाणीच्या मोठ्या देवळाला लागूनच सोमेश्वराचं लहान देऊळ आहे. तिथे एक आजी आम्हाला तमिळमध्ये काहीतरी समजावत होत्या. 'उरी, उरी' असं म्हणून त्या दोन्ही हातांनी वरून काहीतरी टांगल्यासारखं करून दाखवत होत्या. मला कळेना. आई एकदम म्हणाली, "अगं, शिंकं!"

खरंच. कुंभ ज्या शिंक्यात ठेवलेला होता ते शिंकं इथे पडलं आणि त्याचं शिवलिंग झालं, अशी या देवळाची कथा. संस्कृतात शिक्य, आपल्याकडे शिंकं. मी त्या गाभाऱ्यासमोर उभी होते आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं. या गावात भांड्याचं देऊळ आहे आणि भांडं धरणाऱ्या वस्तूचंही आहे!

तुमच्यापैकी ज्यांनी शिंकं बघितलंय त्यांना आठवेल. वर एक गाठ, खाली दोऱ्यांचं जाळं किंवा एक कडं. त्यात लहान मडकं ठेवा, मोठं ठेवा, दुधाचं पातेलं ठेवा, चालतं. स्क्रू नाही, स्प्रिंग नाही. भांड्याचं वजनच दोऱ्या ताणतं आणि दोऱ्या भांड्याला बिलगतात. जेवढं जड, तेवढी पकड पक्की. आणि भांडं उचललं की वजन गेलं, दोऱ्या आपोआप सैल. उपसावं लागत नाही, हिसका नाही. धरणं आणि सोडणं, दोन्ही फुकट. 'शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं' ही म्हण आपण सारखी वापरतो, पण न तुटलेल्या शिंक्याबद्दल एक चांगला शब्द बोलत नाही.

टांगलेल्या वस्तूचा आणखी एक फायदा. धक्का बसला की ती झुलते, आणि तिच्यासोबत भांडंही तिरकं होतं, त्यामुळे आतलं पाणी काठाशी तेवढं चढत नाही. इस्तंबूलच्या बाजारात चहावाली पोरं वरून तीन दांड्यांनी पेललेलं तबक एका हातात झुलवत गर्दीतून धावतात आणि ग्लासातला चहा सांडत नाही, तो याच कारणाने. आपल्याकडे चहाच्या टपरीवरचा पोऱ्या तारेच्या स्टँडमध्ये सहा ग्लास घेऊन जिने चढतो. तो स्टँड एकाच मापाचा असला तरी चालतो, कारण टपरीवरचे सगळे ग्लास एकाच मापाचे. घराचं तसं नसतं.

कुंभेश्वराच्या देवळात शिरताना दोन्ही बाजूंना दुकानं असलेला लांबलचक छपराखालचा रस्ता आहे. बाहेर पडताना आईने एक पितळेचा डवरा-टंबलर घेतला. आतून कल्हई आहे की नाही हे तिने पेला उजेडाकडे धरून तीनदा तपासलं. गोविंदपुरमला विठ्ठलाचं दर्शन छान झालं. आप्पा पायरीवर बराच वेळ बसून होते. येताना नाचियारकोविलला थांबलो, कुंभकोणमहून दहाएक किलोमीटरवर. तिथल्या उभ्या समया प्रसिद्ध आहेत, भौगोलिक मानांकन मिळालेल्या. कावेरीच्या खोऱ्यातल्या बारीक मातीच्या साच्यात त्या ओततात. बैठक, खांब, तेलाची वाटी आणि वरचा शेंडा असे भाग वेगवेगळे करून आट्यांनी एकात एक फिरवून जोडतात. खांबाचा जादा तुकडा घातला की समई उंच. मी ते बघत असताना आप्पा म्हणाले, "एकच वस्तू लांब-आखूड करण्यापेक्षा तुकडे जोडावेत, हे बरं." ते बँकेत होते, पण त्यांनी ते वाक्य एखाद्या जुन्या मिस्त्रीसारखं टाकलं. मला पुढे ते कामी आलं.

घरी आल्यावर

पहिला प्रयत्न मी शिंक्याचा केलाच नाही. माणूस देवळातून घरी आला की सगळं विसरतो. चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, आतून जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या चिकटवल्या आणि तो आप्पांच्या आरामखुर्चीच्या हातावर पट्ट्याने बांधला. दिसायला छान. सगळी भांडी बसत होती. चौथ्या दिवशी मॅटमध्ये दूध मुरलं, सहाव्या दिवशी मुंग्या. शिवाय पेला काढताना तो फोमला चिकटून यायचा आणि सुटताना झटका बसायचा. आप्पांनी तक्रार केली नाही. त्यांनी फक्त त्यात चष्मा ठेवायला सुरुवात केली.

दुसऱ्या वेळी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तीन पट्ट्या कड्यात आतल्या बाजूने ताणून लावल्या. तीनच का, तर गोल वस्तूला तीन बाजूंनी सारखं दाबलं की ती आपोआप मध्यावर येते. लेथ मशीनच्या चकलाही म्हणूनच तीन जबडे असतात. कल्पना बरोबर होती, पण रबर फार चिकट निघालं. कागदी कप चेपला गेला आणि स्टीलचा पेला उचलताना कडं वर येऊ लागलं.

तेव्हा मी भांडी मोजायला बसले, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. तुम्ही करणार असाल तर असं करा. भांड्याभोवती दोरा गुंडाळा, दोऱ्याची लांबी मोजा आणि तिला 3.14 ने भागा. दोरा 22 सेंटिमीटर भरला तर व्यास 7 सेंटिमीटर. तळाशी एकदा मोजा आणि तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकदा, कारण बहुतेक पेले वर रुंद होत जातात आणि होल्डर त्यांना साधारण तिथेच धरतो. आमच्या सतरांत सगळ्यात अरुंद तळ 5 सेंटिमीटरचा होता, सगळ्यात रुंद साडेआठचा.

पण माझी खरी चूक वेगळीच होती. मी फक्त रुंदीचा विचार करत होते. उंच बाटली उथळ होल्डरमध्ये ठेवली तर ती कलंडते, आणि बुटका कप खोल होल्डरमध्ये ठेवला तर तो आत बुडतो, मग धरायला काही उरत नाही. म्हणजे रुंदीबरोबर खोलीही बदलायला हवी. दोन्ही कशी बदलणार?

हे कोडं घेऊन मी बसले होते आणि समोर भिंतीवर आईने टांगलेलं सुतळीचं कुंड्यांचं शिंकं होतं. त्यातली मोठी कुंडी वर अडकली होती आणि लहान कुंडी खाली उतरली होती. वर रुंद, खाली निमुळतं. रुंद भांडं वरच अडणार, अरुंद भांडं खोल जाणार! रुंद मग वर राहिला म्हणजे हाताला लागणार, बारीक बाटली खोल गेली म्हणजे तिला जास्त आधार मिळणार. खोली आपली आपणच ठरतेय. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आप्पा उठून आले.

तर आता आमच्या घरी जे आहे ते असं. 12 मिलिमीटरच्या प्लायवुडचं एक कडं, आतून साडेनऊ सेंटिमीटर, आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी कापून, घासून, खुर्चीच्या हाताला दोन बोल्टांनी बाहेरच्या बाजूला बसवून दिलं. कड्याला सारख्या अंतरावर तीन भोकं, तिन्हीतून सुती नाड्या खाली येतात आणि तळाशी एका चकतीला बांधलेल्या आहेत. चकतीखाली तराजूचं जुनं 200 ग्रॅमचं पितळी माप लटकवलंय. हे महत्त्वाचं. वजन नसेल तर पेला उचलताना नाड्याही वर येतात. वजन त्यांना खाली ठेवतं आणि पेला एकटाच सुटतो. नाड्यांच्या साधारण मध्यावर सैलसर इलॅस्टिक ओवलंय, ते अरुंद पेल्याला हळूच सरळ उभा करतं. तीनच नाड्या असल्यामुळे मगाचा कान दोन नाड्यांमधून बाहेर राहतो. मळलं की नाड्या काढून धुवायच्या. फार उंच बाटली असेल तर नाड्यांच्या गाठी खाली सरकवायच्या. आप्पांचं समयांवरचं वाक्य आठवून मी चकतीवर ठेवायला दोन लाकडी गोल तुकडेही करून घेतले. बुटका, अरुंद कप असेल तेव्हा ते खाली घालायचे म्हणजे कप वर येतो.

आणि साडेनऊ सेंटिमीटर का? कारण कुंभकोणमचा डवरा कडेखाली मोजला तर जेमतेम तेवढा भरतो. डवरा त्या कड्यात उतरतो आणि त्याची बाहेर वळलेली कड लाकडावर टेकून तो टांगला जातो. त्यात टंबलर. म्हणजे कॉफीच्या वेळी शिंक्याचं काम डवराच करतो, आणि जे सांडायचं ते त्यातच सांडतं.

करून बघणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. ज्या हाताला कंप कमी, त्या बाजूला कडं लावा. आप्पांचा डावा हात बरा आहे, आणि मी पहिलं कडं उजवीकडे लावून बसले होते. चाचणी गार पाण्याने करा, बाटली काठोकाठ भरून, खुर्ची जोरात हलवून. बाहेर आलेल्या कड्याला रात्री अंधारात कुणाची कंबर लागते (आईची लागली), म्हणून रंगीत कापड गुंडाळा. गरम पेय अर्धाच पेला आणि निववून द्या. घरात रांगणारं मूल असेल तर लोंबणारी नाडी हे त्याच्यासाठी आमंत्रण आहे, तेव्हा खुर्चीची जागा बदला. आणि हात थरथरत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. सगळे कंप एकसारखे नसतात आणि काहींवर औषधांचा उपयोग होतो. काही जणांना जड पेल्याने फायदा होतो, काहींना दोन कानांच्या मगाने. आप्पांना स्टीलपेक्षा पितळेचा जड टंबलर बरा पडतो, हे योगायोगानेच कळलं.

हेन्री पेट्रोस्की नावाच्या अमेरिकन अभियंत्याने रोजच्या वापरातल्या छोट्या वस्तूंवर 2003 मध्ये एक पुस्तक लिहिलं, त्याच्या उपशीर्षकाचा अर्थच 'परिपूर्ण डिझाइन का नसतं' असा आहे. आमच्या होल्डरच्याही तीन उणिवा मला ठाऊक आहेत. शेकर बाटली त्यात बसत नाही. वाऱ्याने माप खुर्चीच्या पायावर टकटक वाजतं. आणि ती खुर्ची आता दारातून आत-बाहेर नेताना तिरकी करावी लागते.

गेल्या रविवारी आप्पांचे बँकेतले दोन मित्र आले होते. आईने चहा टाकला. मी सवयीने स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून 'मला नको, आत्ताच झालंय' ऐकायची वाट बघत होते. बाहेरून आवाज आला, "माझा डवऱ्यात दे गं, आणि यांनाही त्यातच दे. नुसत्या कपातून काय पिता!"

घरात डवरा एकच आहे. आई आता तीन आणखी मागवणार आहे. आणि मित्रांपैकी एकजण जाताना खुर्चीखाली वाकून ते पितळी माप निरखत होते. त्यांच्याकडे म्हणे अर्ध्या किलोचं आहे.